उशिराची भरपाई

उशीर एकाचा आणि थांबायचं सगळ्यांनी, हे न्यायाचं आहे काय? हा प्रश्न मला बँकेत नव्हे, भाच्याच्या खोलीत पडला. बँकेत उशिराला व्याज असतं, प्रश्न नसतो.

भाचा दिवसा तारापूरच्या एका कारखान्यात आणि रात्री बोईसरच्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करतो. परवा आमच्या हिला त्यानं गायला बोलावलं. मी हमाल म्हणून गेलो. पेटी माझ्या डोक्यावर होती.

संगणकावर तबला, पेटी, आवाज असे एकाखाली एक पट्टे. आवाजाच्या पट्ट्यावर त्यानं एक प्लग-इन चढवलं होतं.

"मामा, आवाज कुठे एकदम चढतो ते याला आधी बघावं लागतं. त्यात ४८० सॅम्पल मागे पडतात. सेकंदाला ४८,०००, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग."

एवढ्या उशिरासाठी आमच्या बँकेत कोणी मानसुद्धा वर करत नाही!

"मग आवाज पुढे ओढायचा?"

"छे! बाकीचे सगळे तेवढेच मागे थांबतात. आपोआप."

मी हबकलो. वक्तशीर तबल्याचा काय गुन्हा?

तेवढ्यात ही हेडफोन लावून गाऊ लागली आणि थांबली. "अहो, माझ्यामागून माझंच कोणीतरी गातंय!"

"मामी, रेकॉर्ड झालेल्याची भरपाई होते. आत्ता गाणाऱ्याची नाही होत." त्यानं प्लग-इन काढलं, बफर १०२४ वरून १२८ वर आणला. ही गायली. पंधरा वर्षांनी गायली.

पंधरा वर्षं, कारण तिचा क्लास सातचा. पालघरला चहाच्या टपरीवर गप्पा छाटत मी गाडी सोडायचो आणि ही पोरांना घेऊन दारात उभी. जेवण, अभ्यास, दिवाबत्ती सगळं माझ्या मापानं मागे सरकायचं. मला वाटायचं, घर कसं तालात चाललंय! यंत्रात निदान कोण किती थांबलं त्याचा आकडा दिसतो. आमच्या घरी ते खातं कधी उघडलंच नव्हतं.

परतताना म्हटलं, "सोमवारपासून वेळेवर येतो. तू क्लास लाव."

उत्तर यायला रेल्वे फाटकापासून घरापर्यंतचा वेळ लागला.

"बघू," ती म्हणाली.

बफर मोठा आहे. पण तो मीच वाढवलेला.