काम झालं ना, साहेब?

मेकॅनिकनं खोटं सांगून पैसे घेतले, पण गाडी खरोखर नीट करून दिली, तर त्यानं आपलं नेमकं काय नेलं? पैसे नेले, आणखी काय, असं कुणीही म्हणेल. पण गाडी तर मस्त चालते आहे. खोटं उघडकीला आलंच नसतं, तर त्याच गॅरेजला आपण पाच तारे देऊन मोकळे झालो असतो. गेले काही महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि 'चोर साला' एवढ्यावर तो संपत नाही.

आधी घडलं काय ते सांगतो. माझी १५० सीसीची बाइक आहे. रोज घर ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा पुणे ते कराड एवढं ती पळते. गेल्या पावसाळ्यात चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. क्लच स्लिप होतोय एवढं मला कळत होतं. का होतोय, ते कळत नव्हतं. ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मालकानं एक चक्कर मारली, लिव्हर दाबून बघितला आणि म्हणाला, "क्लच प्लेटा जळाल्यात." संध्याकाळी हातात चिठ्ठी आली. प्लेटांचा सेट १,६००, गॅस्केट १५०, ऑइल ४५०, मजुरी ९००. एकूण ३,१०० रुपये. जुन्या प्लेटा मागितल्या, तर त्या भंगारवाल्याकडे गेल्या होत्या. गाडी मात्र झकास पळायला लागली.

दीड महिन्यानं गावाकडच्या मेस्त्रींकडे चेन सेट बदलायला गेलो. क्लच प्लेटा नव्या टाकल्यात, असं बोलता बोलता त्यांना सांगितलं. त्यांनी उजव्या बाजूच्या क्लच कव्हरवरचा चिखल फडक्यानं पुसला आणि हसले. "ह्ये बोल्ट बघ की. कंपनीचा रंगाचा ठिपका जसाच्या तसा हाय. कव्हर कुणी खोललंच न्हाई, मग प्लेटा बदलल्या कुठनं?"

मग त्यांनी समजावलं. क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळी चाल लागते, साधारण एक सेंटिमीटर. केबल जास्त ताणलेली असेल, तर लिव्हर कायम किंचित दाबून धरल्यासारखा होतो. प्लेटा एकमेकींना घट्ट पकडत नाहीत, इंजिनची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही. पुण्यातल्या मालकानं अ‍ॅडजस्टर फिरवून केबल सैल केली होती आणि ऑइल बदललं होतं. बस्स.

फोटो काढून मी पुण्यात त्या गॅरेजवर गेलो. मालकानं फार वेळ नाकारलं नाही. उलट त्यानंच विचारलं, "गाडी चालतीये ना? काम झालं ना, साहेब? आणि केबल सेट केली असं सांगितलं असतं, तर तुम्ही किती दिले असते? पन्नास रुपये?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचा अंदाज बरोबर होता. मी पन्नासच दिले असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरत असते. कारखान्यातलं बंद पडलेलं यंत्र एक म्हातारा इंजिनिअर हातोडीचा एक ठोका मारून सुरू करतो आणि मोठं बिल लावतो. ठोक्याचे पैसे किरकोळ, ठोका कुठे मारायचा हे माहीत असण्याचे बाकी सगळे. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ती फार आवडते. आम्ही स्वतःला त्या म्हाताऱ्याच्या जागी बघतो. गॅरेजमध्ये मात्र आपण सगळे त्या कारखान्याचे मालक असतो. पार्ट बदलला तर पैसे, नुसतं निदान केलं तर, "एवढंच केलंस ना रे?" प्लेटा बदलणाऱ्याला तीन हजार मिळतात आणि 'काही झालेलं नाही, केबल तेवढी ताणली होती' असं सांगणाऱ्याला चहाचे पैसे. खरं बोलण्याचा भाव आपणच शून्यावर आणून ठेवला आहे.

म्हणजे मालकाचा प्रश्न बरोबर होता. तरी त्यानं केलं ते चूकच होतं, आणि का चूक, हे नीट सांगता आलं पाहिजे.

पहिलं म्हणजे, ठरवण्याचा हक्क माझा होता. 'निदानाचे पाचशे होतील' असं तो म्हणाला असता, तर मी घासाघीस केली असती, कदाचित दुसरीकडे गेलो असतो, कदाचित दिलेही असते. खोटं सांगून त्यानं माझ्या वतीनं तो निर्णय परस्पर घेऊन टाकला.

दुसरं कारण मला माझ्या कामामुळे जास्त जाणवतं. प्रोग्राममधल्या बगचा शोध घेता येतो. पण लॉगमध्येच खोटी नोंद असेल, तर पुढचा प्रत्येक जण चुकीच्या जागी शोधत बसतो. माझ्या गाडीच्या इतिहासात 'प्लेटा नव्या' अशी खोटी नोंद झाली होती. पुढे क्लच पुन्हा स्लिप झाला असता, तर मी प्लेटा सोडून बाकी सगळीकडे शोधलं असतं. गाडी विकताना घेणाऱ्यालाही मी तेच छातीठोकपणे सांगितलं असतं. मालकाचं खोटं माझ्या तोंडून, माझ्या प्रामाणिकपणाच्या जोरावर पुढे गेलं असतं. क्लचच्या जागी ब्रेक शू असते तर काय, याचा विचारही नको वाटतो.

'तुमच्यासारख्या पगारवाल्यांना तीन हजारांनी काय फरक पडतो' हा युक्तिवाद माझ्या मित्रांनीही केला. पण मी तिथे उभा होतो तेव्हा शेजारी फूड डिलिव्हरीची बॅग पाठीला लावलेला एक मुलगा गाडी घेऊन थांबला होता. गाडी बंद म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई बंद. खोटं बोलायची सवय गिऱ्हाइकाची सॅलरी स्लिप बघून थांबत नाही.

तिसरं नुकसान तर त्या गॅरेजबाहेरच्यांचं होतं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच संशयानं कमी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही आणि चांगला विक्रेता बाजारातून उठतो. २००१ साली त्याला मिळालेल्या नोबेलमागे हेच काम होतं. दुरुस्तीचा धंदा तर याच्याही पुढचा. जुनी गाडी महिनाभर चालवली की तिचं खरं रूप कळतं. दुरुस्ती गरजेची होती का, हे बहुतेक वेळा नंतरही कळत नाही. मला कळलं ते रंगाच्या एका ठिपक्यामुळे. एका खोट्या गॅरेजमुळे मी दहा खऱ्या मेकॅनिककडे संशयानं बघतो, आणि त्याची किंमत ते दहा जण मोजतात.

रॉबर्ट पर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या १९७४ सालच्या पुस्तकातही एक वाईट गॅरेज आहे. तिथले मेकॅनिक गाडीची वाट लावतात आणि खरा दोष निघतो तो पंचवीस सेंटच्या एका पिनेत. पर्सिगची तक्रार बेफिकिरीबद्दल आहे. त्या पोरांचं कामात लक्षच नव्हतं. माझ्या मेकॅनिकचं लक्ष होतं. एका चक्करीत त्यानं अचूक दोष ओळखला. एवढं कौशल्य असलेल्या माणसाला ते लपवून न बदललेल्या प्लेटा विकाव्या लागतात, याचं मला वाईट वाटतं. राग येतो, तोही याच कारणानं.

आणि हे फक्त गॅरेजचं नाही. साता समुद्रापलीकडच्या क्लायंटला आमचा कोड दिसत असला, तरी एखाद्या बदलाला दोन तास लागतात की दोन दिवस, हे त्याला कळत नाही. डॉक्टर, वकील, मोबाइल दुरुस्त करणारा, सगळ्यांचं तेच. समोरच्याला तपासता येत नाही तिथे आपण काय सांगतो, यावर आपला प्रामाणिकपणा ठरतो. तपासता येतं तिथे तर सगळेच खरं बोलतात.

कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते, १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. म्हणून पक्कं बिल घ्या, काम सांगतानाच 'जुना पार्ट मला परत हवा' असं बजावा. पण प्रत्येक क्लच केबलसाठी कुणी आयोगात जाणार नाही. रोजचा व्यवहार भरवशावरच चालणार, आणि भरवसा फुकट मिळत नाही.

त्या मालकानं ऑइलचे सोडून २,६५० रुपये परत केले. त्यातले ३०० मी त्याच्या काउंटरवर ठेवले आणि सांगितलं, हे निदानाचे. मित्र म्हणतात, चोराला टीप देणारा तू पहिलाच. असेल. पण केबल त्यानं खरंच नीट केली होती, आणि खऱ्या कामाचे पैसे मी दिले नाहीत, तर पुढच्या वेळी खरं सांगण्याचं कारण त्याच्याकडे काय उरतं? तो सुधारेल याची मला खात्री नाही. मी तिथे गाडीही पुन्हा देणार नाही. मात्र आता कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी लावताना मी आधीच सांगतो, "बघण्याचे पैसे वेगळे देईन. काही झालेलं नसेल, तर तसं सांगा." बहुतेक मेकॅनिक आधी चमकून बघतात. मग गाडीशेजारी उकिडवे बसतात आणि नीट बघायला लागतात.