लाल बशी

जरा बसा. डोळे मिटू नका. आज पाहायचं आहे.

समोर एक बशी आहे. तळहातावर मावेल एवढी. आत लाल थर: मेंढीचं रक्त मिसळून गोठवलेला अगार.

तो लाल रंग पाहा. गडद. ओलसर. कडेपासून कडेपर्यंत सारखा.

काल कुणाच्या तरी छातीत झालेल्या पाण्याचे दोनतीन थेंब त्यावर पसरले आहेत. तारेच्या बारीक वेटोळ्याने, रेघ ओढत.

श्वास घ्या. हळू. तो खाली कुठवर उतरतो, तिकडे लक्ष द्या.

तिथेच, फुप्फुसाच्या अगदी बाहेर, हे पाणी साचलं होतं.

रात्री ही बशी एका बरणीत असते. बरणीत मेणबत्ती पेटवतात आणि झाकण घट्ट लावतात. ज्योत लहान होते. आणखी लहान. विझते.

उरलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला. न्युमोनियाचा एक जंतू आहे, न्युमोकोकस. त्याला अशी हवा मानवते. आणि ऊब लागते, अंगातल्यासारखी, 37 अंशांच्या आसपास.

त्या विझलेल्या वातीपाशी थोडं थांबा.

सकाळ झाली. बशी उजेडाकडे तिरकी धरा.

न्युमोकोकस उगवला असता तर रेघेवर बारीक ठिपके दिसले असते, भोवती हिरवट छटा. दिवस सरतो तसा ठिपका मध्ये खचतो. हा जंतू वय झालं की स्वतःलाच आतून विरघळवतो.

आज हिरवं काही नाही.

लाल. नुसतं लाल.

बेडक्याच्या बशीवर निदान घशातले नेहमीचे जंतू तरी उगवतात. इथे तेही नाहीत.

घाई नको. या रिकामेपणाकडे पाहत राहा. रिपोर्टात त्याला दोनच शब्द मिळतील: वाढ नाही.

आता त्याच पाण्याची रंगवलेली काचपट्टी पाहा. पूपेशींची गर्दी. आणि त्यांच्यामध्ये, जोडीजोडीने, जांभळे ठिपके.

हान्स क्रिश्चन ग्रॅमने ही रंगवण्याची रीत 1884 साली मांडली. बर्लिनमध्ये, न्युमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना.

म्हणजे जंतू होते. काचेवर दिसतात, बशीवर उगवत नाहीत.

श्वास सोडा.

पाणी काढण्याआधी औषध पोटात गेलेलं आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध जंतूला भिंत बांधू देत नाही. भिंतीवाचून तो फुटतो. कधी थोडे तासही पुरतात.

मेलेला जंतू रंग घेतो. त्याचा डीएनए पीसीआर चाचणीत सापडतो. त्याच्या भिंतीचे तुकडे लघवीच्या तपासणीत पुढे कितीतरी दिवस दिसू शकतात.

उगवायला मात्र जिवंत असावं लागतं. आणि कोणतं औषध लागू पडेल, हे बशीवर उगवलेला जंतूच नीट सांगतो.

पुन्हा एकदा लाल रंगाकडे पाहा. आजार नव्हता, असं तो म्हणत नाही. तो गप्प आहे, एवढंच.

जंतू पाहायचा म्हणून अत्यवस्थ माणसाचं औषध अडवून धरू नये. आधी नमुना, पाठोपाठ औषध. नमुना जमत नसेल, तर औषधच आधी.

नमुन्यासोबत एक कागद जातो. त्यावरची एक जागा बहुधा कोरीच राहते.

तिथे गोळीचं नाव लिहा. शेवटची कधी घेतली, तेही लिहा. नाव आठवत नसेल, तर रिकामी पट्टी सोबत आणा.