आपत्ति आणि ईश्वरी हेतु

मनुष्यावर मोठें संकट कोसळलें म्हणजे त्याच्या मनांत दोन प्रश्न एकाच वेळीं उभे राहतात. हें कशानें झालें, हा पहिला. आणि हें कां झालें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञ देतात, व तें दिवसेंदिवस अधिक समाधानकारक होत चाललें आहे. दुसऱ्याचें उत्तर शास्त्राजवळ मागण्यांत अर्थ नाहीं. कारण तेथें आपण निमित्त विचारीत नसून हेतु विचारीत असतों. ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाहीं त्याला हा दुसरा प्रश्न सोडून देतां येतो. परंतु जो ईश्वराला सर्वशक्तिमान् आणि त्याबरोबरच प्रेमळ पिता मानतो, त्याला तो सोडून देण्याची सवलत नाहीं. म्हणूनच ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत हा वाद फार जुना आहे, आणि प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर तो नव्यानें पेटलेला आहे. भूकंप, महापूर, समुद्राच्या लाटा यांत ईश्वराचा कांहीं संदेश असतो काय, आणि असल्यास तो वाचण्याचा अधिकार कोणाला, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या वादांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण लिस्बन शहराचें होय. ता. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास पोर्तुगालच्या या राजधानीस भूकंपाचे प्रचंड धक्के बसले. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा. शहरांतील देवालयें उपासकांनीं भरून गेलीं होतीं व वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. छपरें कोसळलीं तीं या उपासकांच्या मस्तकांवर. वांचलेल्यांपैकीं अनेकजण मोकळी जागा सांपडेल या आशेनें तागुस नदीच्या कांठीं धांवले, तों पाणी आधीं मागें हटलें आणि मग लाटांवर लाटा शहरांत शिरल्या. उलटलेल्या मेणबत्त्यांनीं व घरोघरच्या चुलींनीं लागलेली आग पुढें कित्येक दिवस विझली नाहीं. सर्व संतांचेंच नांव धारण करणारें राजरुग्णालय तींत भस्म झालें. मृतांचे अंदाज ३०,००० पासून ६०,००० पर्यंत केले गेले आहेत.

या घटनेचा अर्थ कोणीं काय लाविला तें पाहण्यासारखें आहे. गाब्रिएल मालाग्रिडा हा जेझुइट पंथाचा एक वृद्ध उपदेशक. ब्राझीलमध्यें त्यानें अनेक वर्षें धर्मप्रचार केला होता व लिस्बनमध्यें त्याचा लौकिक मोठा होता. त्यानें १७५६ मध्यें एक पुस्तिका प्रसिद्ध करून सांगितलें कीं, भूकंपाचें खरें कारण लिस्बनवासीयांचीं पापें हेंच होय. त्याला केवळ सृष्टीची घडामोड म्हणणारे लोक जनतेला पश्चात्तापापासून परावृत्त करीत आहेत. तिकडे इंग्लंडांत मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली यानेंही या भूकंपावर पुस्तिका लिहिली. त्यालाही त्यांत ईश्वराचा न्यायच दिसला. मात्र त्याला दिसलेलें पाप निराळें होतें. इन्क्विझिशनच्या धर्मन्यायासनानें जें रक्त सांडलें त्याची ही फेड, असा त्याचा रोख होता. इन्क्विझिशनचा वाडा खरोखरच पडला होता. परंतु प्रार्थनेस जमलेले भाविक मेले, आणि कुप्रसिद्ध स्त्रियांची गल्ली मात्र बरीचशी शाबूत राहिली, असेंही सांगतात. राजा व त्याचें कुटुंब शहराबाहेर बेलें येथें असल्यामुळें वांचलें. हा जर दंड असेल तर तो कोणत्या कलमाखालीं दिला गेला हें ठरविणें कोणत्याही न्यायाधीशास कठीण जाईल. मालाग्रिडाला आणि वेस्लीला तें कठीण गेलें नाहीं, याचें कारण उघड आहे. दोघेही ढिगाऱ्याकडे गेले ते पापाचें नांव आधींच मनांत घेऊन.

या दोघांना ढोंगी समजण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती धर्मग्रंथांत त्यांच्या मताला आधार आहे, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. नोहाच्या काळचा जलप्रलय, सदोम व गमोरा या नगरांवरील अग्निवर्षाव, मिसर देशावरील पीडा, हीं सर्व तेथें ईश्वरी दंड म्हणूनच वर्णिलेलीं आहेत. परंतु त्याच ग्रंथांत ईयोबाचें पुस्तकही आहे. ईयोब सज्जन असूनही त्याचीं मुलें वावटळीनें कोसळलेल्या घराखालीं मरतात. त्याचे मित्र समाचारास येतात, सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसतात, आणि मग तोंड उघडून त्याच्या पापांचा शोध करूं लागतात. शेवटीं ईश्वराचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे, तर ईश्वराची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर. एलिया संदेष्ट्याच्या कथेंत तर पर्वत फोडणारा वारा, भूकंप आणि अग्नि हीं एकामागून एक येऊन जातात, आणि परमेश्वर त्यांपैकीं कशांतच नसतो. त्यांनंतरच्या मंद वाणींत तो एलियास भेटतो.

या प्रश्नावर स्वतः येशूचें मत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आलेलें आहे. शिलोहांतील बुरूज कोसळून १८ माणसें ठार झालीं होतीं. तीं माणसें यरुशलेमांतील इतर रहिवाशांपेक्षां अधिक अपराधी होतीं काय, असा प्रश्न येशूनें केला व त्याचें उत्तर स्पष्टपणें नकारार्थी दिलें. परंतु तेवढ्यावर न थांबतां, तुम्हीं पश्चात्ताप केला नाहीं तर तुमचाही नाश होईल, असें त्यानें ऐकणाऱ्यांस बजावलें. वाद करणारे लोक बहुधा या वचनाचा आपल्या सोयीचा अर्धा भाग घेतात. कोणी पहिल्या अर्ध्यावरून म्हणतो कीं आपत्तीला कांहींच अर्थ नाहीं. कोणी दुसऱ्यावरून म्हणतो कीं ती पश्चात्तापाची घंटा आहे. दोन्ही अर्धीं एकत्र वाचलीं म्हणजे निराळाच नियम हातीं लागतो. मेलेल्यांविषयीं निर्णय देण्यास येथें मनाई आहे. मात्र जो जिवंत असून ऐकत आहे, त्यानें स्वतःच्या आयुष्याचा विचार करावा असा आग्रह आहे. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, आपत्तीचा अर्थ प्रथमपुरुषीं लावण्यास मोकळीक आहे, तृतीयपुरुषीं लावण्यास नाहीं.

यावर सुशिक्षित वाचक म्हणेल कीं, हा सर्व खटाटोप आतां कशाला? भूकंपाचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. पृथ्वीच्या कवचाचे मोठमोठे भाग हळूहळू सरकत असतात. अॅझोर्स बेटांपासून जिब्राल्टरपर्यंत आफ्रिकेचा व युरोपचा असे दोन भाग एकमेकांस भिडलेले आहेत, आणि तेथें सांचलेला ताण त्या दिवशीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं एकदम सुटला. हें सर्व खरें. परंतु एवढ्यानें दुसरा प्रश्न मिटत नाहीं. ईश्वर नैसर्गिक कारणांच्या द्वारेंच आपलें कार्य करतो, असें तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस यानें प्रतिपादिलें होतें. कारण सांपडलें म्हणून हेतु नाहीं असें होत नाहीं. वीणेच्या तारेचें कंपन समजलें म्हणून वादकाच्या मनांत कांहीं नव्हतें असें ठरत नाहीं. तेव्हां हा प्रश्न भूगर्भशास्त्राच्या जोरावर निकालांत काढतां येत नाहीं. त्याचा निकाल नीतीच्या न्यायालयांतच लागला पाहिजे.

त्या न्यायालयांत त्या काळच्या तत्त्वज्ञांचीही साक्ष झाली. लायब्निट्झ यानें १७१० मध्यें असें मांडलें होतें कीं, शक्य असलेल्या सर्व जगांत ईश्वरानें निवडलेलें हें जगच सर्वोत्तम होय. लिस्बनच्या वार्तेनें व्हॉल्तेअरची या आशावादाविषयींची चीड उफाळून आली. लंडन किंवा पॅरिस यांपेक्षां लिस्बनचे दुर्गुण अधिक होते काय, असें त्यानें आपल्या १७५६ च्या काव्यांत विचारलें. त्यावर रूसोनें त्याला त्याच वर्षीं पत्रानें कळविलें कीं, सहा-सहा सात-सात मजल्यांचीं हजारों घरें एके ठिकाणीं सृष्टीनें बांधलेलीं नव्हतीं. रूसोची ही सूचना त्या वादांत सर्वांत उपयुक्त ठरावी अशी आहे. ईश्वरास किंवा सृष्टीस आरोपी करण्यापूर्वी माणसानें आपण बांधलेल्या भिंती तपासाव्या. कित्येकदां ज्याला आपण दैवी कोप म्हणतों त्यांत चुना कमी आणि लोभ अधिक असतो.

आपत्तींत ईश्वराचा दंड पाहणाऱ्यांप्रमाणेंच तींत ईश्वराची विशेष कृपा पाहणारेही असतात, आणि त्यांची अडचण याहून कमी नाहीं. ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं, हिंदी महासागरांत उठलेल्या त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वेळांकण्णी येथें येऊन आदळल्या. तेथील आरोग्यमातेच्या देवालयास मुंबई, वसई, गोवें येथील ख्रिस्ती कुटुंबेंही भक्तीनें जात असतात. देवालय सुरक्षित राहिलें. त्याच्या आश्रयास असलेले लोक वांचले. परंतु समोरच्या वाळूवर असलेले शेंकडों लोक, आणि त्यांत यात्रेकरूही, समुद्रानें नेले. वांचलेल्यानें मातेचे आभार मानले तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. कृतज्ञता हा प्रथमपुरुषी अर्थ आहे. परंतु देवालय वांचलें हा चमत्कार, असें आपण दुरून म्हणूं लागलों कीं, वाळूवर ज्याचें मूल गेलें त्या यात्रेकरूस आपण न बोलतां कांहीं तरी सांगतों, आणि तें त्याच्या तोंडावर बोलण्याचें धैर्य आपणांस होणार नाहीं. शोकाकुलाच्या समोर उच्चारतां येत नाहीं तें धर्माचें वचन नव्हे, ही कसोटी आम्हांस पुरेशी वाटते.

येथें एक गंभीर आक्षेप येतो. संदेष्ट्यांनीं दुसऱ्यांचीं पापें सांगितलीं नाहींत काय? सांगितलीं, परंतु कोणाला व केव्हां हें पाहिलें पाहिजे. आमोसानें, यिर्मयानें दोष दाखविले ते मुख्यतः स्वतःच्या लोकांचे, आणि संकट येण्यापूर्वी, तें टळावें म्हणून. योनाची कथा तर या बाबतींत फार बोधप्रद आहे. निनवे नगराचा नाश होणार अशी घोषणा त्यानें केली. नगरानें पश्चात्ताप केला. ईश्वरानें नाश आवरला. आणि संदेष्टाच रुसून बसला. पडलेल्या शहरावर भाष्य करणाऱ्यांत योनाची ही रुष्टता पुष्कळदां डोकावते. आपलें भाकित खरें व्हावें ही इच्छा त्यांना लोक वांचावे या इच्छेहून प्रबळ होते.

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा आहे. आपत्तीचा अर्थ सांगूं नये तर ईश्वर या जगापासून अलिप्त आहे असेंच झालें ना? आमच्या मतें ख्रिस्ती धर्माचें येथील उत्तर स्पष्टीकरणाचें नाहींच. लाजराच्या कबरेशीं येशूनें मरणाचें कारण समजावून सांगितलें नाहीं, तो रडला. अंतिम न्यायाच्या दृष्टांतांत कोणालाही आपत्तीचा अर्थ विचारला जात नाहीं. भुकेल्यास अन्न दिलें काय, परक्यास घरांत घेतलें काय, एवढेंच विचारलें जातें. ज्या धर्माचा प्रभु स्वतःच निरपराध असून वधस्तंभावर मेला, त्या धर्मांत दुःख भोगणारा तो दोषी, असें म्हणणें विसंगत आहे.

लिस्बनमध्यें पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. राजाचा मंत्री, पुढें पोंबाल या नांवानें प्रसिद्ध झालेला, यानें प्रेतें नावांत घालून समुद्रांत बुडविलीं, धान्याच्या किंमती बांधल्या, आणि गांवोगांवच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधीं चढला कीं ओसरला, किती माणसें मेलीं. नवीं घरें बांधतांना भिंतींच्या आंत लांकडी सांगाडा घालण्याची पद्धति सुरू झाली. परंतु ज्या राज्यकर्त्यानें हें केलें त्याच्याच अमलांत जेझुइटांना १७५९ मध्यें पोर्तुगालांतून व गोव्यासारख्या त्याच्या वसाहतींतून हांकलून देण्यात आलें, आणि मनानें विकल झालेल्या वृद्ध मालाग्रिडास १७६१ मध्यें पाखंडी ठरवून गळा आवळून मारून जाळण्यांत आलें. बुद्धिवादाच्या हातींही दया असतेच असें नाहीं, हें यावरून दिसेल.

आपल्याकडील एक उदाहरण देऊन हा लेख संपवितों. पंडिता रमाबाईंचे आईवडील दक्षिणेकडील दुष्काळांत अन्नान्न होऊन मेले होते. पुढें त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां ती जुनी भूक त्यांना आठवली. त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन परत आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. त्यांची ईश्वरी नियोजनावर गाढ श्रद्धा होती, आणि आपल्या दुःखाला त्यांनीं अर्थही दिला. परंतु तो अर्थ दुष्काळग्रस्तांच्या पापांविषयीं नव्हता, स्वतःच्या कर्तव्याविषयीं होता. आपत्तींत ईश्वर बोलत असेल तर तो ऐकणाऱ्याशींच बोलतो, शेजाऱ्याविषयीं नव्हे. जे ढिगाऱ्याखालीं आहेत त्यांच्याविषयीं आपणांस एवढेंच निश्चित ठाऊक असतें कीं, त्यांना बाहेर काढावयाचें आहे.