गाणाराचा हक्क

रामटेकचा गड पाहिलेल्या वाचकास कालिदासाचे नाव निराळे सांगावयास नको. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे वासुदेव विष्णु मिराशी यांनी आग्रहाने प्रतिपादिले. सर्वच पंडितांस ते मान्य नाही. तरी येथे त्या कवीचे स्मारक झाले आणि १९९७ साली त्याच्या नावाने संस्कृत विश्वविद्यालयही निघाले. ह्या सन्मानाचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु ह्याच तालुक्यात देवलापारच्या बाजूस गोंडांची वस्ती आहे. त्यांच्या देवांच्या व पूर्वजांच्या कथा किंगरीवर गाणाऱ्या एखाद्या परधानास गावच्या वाचनालयाने बोलाविले, तर त्याला कोणत्या नात्याने बसवावे?

‘उपेक्षित कलावंतास उत्तेजन’ हे उत्तर आमच्या ओठांवर तयारच असते. मग शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे लांबलचक भाषण, आणि उरल्या वेळात गाणे! परधानाची परंपरा मात्र निराळी आहे. तो ठरलेल्या गोंड यजमानांकडे जातो, त्यांच्या कुळाची कथा गातो आणि दान घेतो. ते दान म्हणजे भीक नव्हे. तो त्याचा पिढीजात हक्क होय. यजमानाच्या अंगणात जो हक्कदार, तो आमच्या सभागृहात येताच आश्रित ठरावा, ह्यात उणेपणा कोणाचा?

विद्येचा पैशाशी संबंध आणू नये, असे म्हणणारे सभासद भेटतात. त्यांचेच वाचनालय पुस्तकविक्रेत्याचे बिल चुकते करते, बांधणावळ देते, विजेचे पैसे भरते. फुकट हवे असते ते गाणे तेवढे.

आणि गाणे उतरून घेतले, तर ते कोणाचे? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची गोंडी कथा एका परधानाच्या तोंडून लिहून घेतली. हिस्लॉप १८६३ साली वारले. १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. त्या श्रमाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण आज तो ग्रंथ हिस्लॉप-टेंपल यांचा म्हणून ओळखला जातो. गाणारा विस्मृतीत गेला.

आमच्याच भाषेत ह्याहून जुना आणि चांगला दाखला आहे. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून गुजरातेतून निघाले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसेच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले. आणि त्या पाठास आजही ‘हिराइसा पाठ’ असेच म्हणतात.

तेव्हा वाचनालयाने बिदागी आधी ठरवावी, भाषणे गाण्यानंतर ठेवावीत, आणि उतरून घेतलेल्या कथेवर कर्ता म्हणून गाणाराचे नाव घालून ती दाखलवहीत नोंदवावी. एखादी कथा यजमानाच्या अंगणाबाहेर गावयाची नाही, असे तो म्हणालाच, तर आग्रह धरू नये. त्या रात्री जे गाईल तेवढे ऐकावे.