मांजर परत का द्यायचं?

'क्रोनो ट्रिगर' हा जपानी गेम स्क्वेअर कंपनीनं मार्च १९९५मध्ये सुपर फॅमिकॉमसाठी आणला. आज जे लोक तो फोनवर खेळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. 'फायनल फँटसी'चे हिरोनोबु साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा या तिघांनी मिळून केलेला हा गेम. मी तो तीन वेळा संपवलाय. तिन्ही वेळा गोष्ट तीच होती, पण एक प्रश्न दर वेळी वेगळा होऊन समोर आला. तो प्रश्न सांगायचा तर गोष्टीतला काही भाग फोडावा लागेल. ज्यांना तो स्वतः शोधायचाय, त्यांनी आधी खेळून यावं.

गोष्ट सुरू होते गार्डिया राज्याच्या जत्रेत. साल १०००. क्रोनो नावाचा मुलगा जत्रेत एका मुलीवर आदळतो. ती पडते, तिच्या गळ्यातलं पदकही पडतं. आधी तिची विचारपूस करायची की आधी पदक उचलायचं, हे तुम्ही ठरवता. जत्रेतल्या एका छोट्या मुलीचं मांजर हरवलंय. ते शोधून तिच्यापर्यंत आणता येतं. एका म्हाताऱ्याचा डबा टेबलावर ठेवलाय. तो खाता येतो आणि खाल्ला की तब्येतही भरून येते. यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. गेम तसं वाटूच देत नाही.

मग क्रोनो चारशे वर्षं मागे जातो, त्या मुलीला घेऊन परत येतो, आणि ती राजकन्या निघते. तिला पळवून नेल्याचा आरोप ठेवून त्याच्यावर खटला भरतात. आणि तिथे जत्रेतलं सगळं बाहेर येतं. डबा कोणी खाल्ला? आधी पदक उचललं की मुलीला? मांजर कोणी आणून दिलं? ज्यूरीतले सात जण एकेक करून दोषी किंवा निर्दोष ठरवतात.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला इथे चांगलाच धक्का बसतो, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. अशा गेममध्ये लोकांच्या घरात शिरायचं, कपाटं उघडायची, मिळेल ते खिशात घालायचं, ही वर्षानुवर्षांची रीत आहे. होरींच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नंच ती लाखो मुलांच्या हाडीमासी रुजवली. समोर दिसलं ते आपलंच, असं बोटांना वळणच पडलेलं असतं. 'क्रोनो ट्रिगर' त्या वळणालाच पिंजऱ्यात उभं करतो. माझी मावसबहीण पहिल्यांदा खेळत होती. खटल्यात डब्याची गोष्ट निघाल्यावर ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, पण तो कुणाचा होता हे कुठे लिहिलं होतं?" खऱ्या आयुष्यातही बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

आता दुसरी खेळी. या गेममुळे 'न्यू गेम प्लस' हा शब्द रूढ झाला. गेम संपवल्यावर कमावलेली ताकद आणि शस्त्रं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पण ताकदीपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही सोबत नेता, ती म्हणजे माहिती. खटला होणार आहे, हे आता ठाऊक असतं. मग तुम्ही जत्रेत आदर्श माणसासारखे वागता. आधी मुलीची चौकशी, मग पदक. डब्याकडे बघायचंही नाही. मांजर शोधून थेट दारात.

हा चांगुलपणा आहे का?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७८५च्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो नवख्या गिऱ्हाइकालाही फसवत नाही, लहान मूल आलं तरी तोच भाव लावतो. पण का? नाव खराब झालं तर धंदा बसेल म्हणून. कांटचं म्हणणं असं, की त्याचं वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. फळाची आशा न धरता कर्म करावं हे आपण शाळेपासून ऐकतो, तेही याच वाटेवरचं. दुसऱ्या खेळीतले आपण म्हणजे तो दुकानदार. चित्रगुप्ताची वही आधीच वाचून आलेला भाविक.

यावर एक सरळ प्रतिवाद आहे. त्या छोट्या मुलीला काय फरक पडतो? तिचं मांजर घरी आलं. माझ्या मनात ज्यूरी होती की करुणा, याचं तिला काय? दुकानातल्या मुलालाही योग्य भाव मिळालाच. हेतू कुणी मोजावा आणि कशाला?

मला हा प्रतिवाद बराच काळ पटत होता. तो सैल पडला कॉलेजात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. आमचा गट दर शनिवारी जवळच्या एका वस्तीत मुलांना वाचायला शिकवायला जायचा. वहीत तास लिहायचे, सही घ्यायची, फोटो काढायचा. यात वाईट काहीच नव्हतं. मुलं खरंच वाचायला शिकत होती. जानेवारीत बहुतेकांचे तास भरले आणि गट विरळ होत गेला. फेब्रुवारीत एकटी एक मैत्रीण जात राहिली. तिचेही तास कधीच भरले होते. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मुलांना सांगितलंय ना शनिवारी येते म्हणून."

तेव्हा लक्षात आलं, की हेतूचा फरक मुलांनाही पडतो, फक्त तो उशिरा पडतो. जानेवारीपर्यंत सगळे सारखेच दिसत होते. जो वहीसाठी येतो, तो वही भरली की थांबतो. दुकानदाराची गोष्टही तशीच. नाव खराब होण्याची भीती उरली नाही, त्या दिवशी भाव काय असेल, ते सांगता येत नाही. हेतू म्हणजे मनातली खासगी बाब नव्हे. साक्षीदार निघून गेल्यावर तुम्ही काय कराल, याचा तो आगाऊ अंदाज आहे.

तिसऱ्या खेळीत माझी माहिती आणखी वाढलेली होती. खटल्याचा निकाल काहीही लागो, क्रोनो तुरुंगातच जातो. सातच्या सात जणांनी निर्दोष म्हटलं, तरी कोठडी चुकत नाही. फार तर कोठडीत काही औषधी पेयं मिळतात, आणि ती माझ्याकडे आधीच ढीगभर होती. म्हणजे चांगलं वागून काही मिळत नाही आणि वाईट वागून काही जात नाही. ज्यूरी आहे, पण तिच्या हातात काही नाही.

तरीही मी मांजर शोधलं.

तिसऱ्यांदा ते करताना पहिल्यांदाच वाटलं, की आता हे फक्त त्या मुलीसाठी आहे. पहिल्या खेळीतला भाबडेपणा दुसऱ्या खेळीत माहितीनं खाल्ला होता. तिसऱ्या खेळीत माहिती इतकी पूर्ण झाली, की हिशेबच उरला नाही. अर्ध्या माहितीनं माणूस हिशेबी होतो. पूर्ण माहिती कधी कधी त्याला मोकळं करते.

पण म्हणून परिणामांकडे पाठ फिरवायची का? याचं उत्तरही याच गेममध्ये आहे. क्रोनोची मैत्रीण लूका हिची आई लारा यंत्रात कपडा अडकून पायांनी अधू झालेली असते. एका रात्री लूकाला दहा वर्षं मागे, साल ९९०मध्ये जायला मिळतं. यंत्र थांबवायचा संकेतशब्द आईचं नाव आहे. मूळ यंत्रावर एल, ए, आर, ए ही बटणं त्याच क्रमानं आणि झटपट दाबावी लागतात. पहिल्यांदा खेळणारा गोंधळतो, वेळ संपते, आणि जुना सेव्ह उघडला नाही तर त्या खेळीत लारा पुन्हा चालू शकत नाही. इथे नुसता शुद्ध हेतू घेऊन काय करायचं? इथे माहितीच आईला वाचवते.

म्हणून मला वाटतं, खरा फरक माहिती असण्या-नसण्याचा नाही. ती माहिती कुणाबद्दलची आहे, याचा आहे. 'यातून मला काय मिळेल' हे कळलं की चांगुलपणाला कीड लागू शकते. 'यातून तिचं काय होईल' हे कळलं की चांगुलपणाला हातपाय फुटतात. खटल्याबद्दलचं ज्ञान पहिल्या जातीचं. लाराच्या नावाबद्दलचं दुसऱ्या जातीचं.

लूकाच्या त्या रात्रीच्या जरा आधी रोबो नावाचं यंत्र शेकोटीपाशी एक कल्पना मांडतं. ते चारशे वर्षं एक जंगल लावत एकटं राबलेलं आहे. ते म्हणतं, की कुणीतरी आपल्या आयुष्यातले सगळ्यात खोल क्षण पुन्हा बघतंय आणि आपण त्याच आठवणींतून फिरतोय असं वाटतं. आवडता गेम पुन्हा खेळणाऱ्याला हे वाक्य फार जवळचं वाटेल. पण मला त्यातली जास्त मोठी गोष्ट ती चारशे वर्षं वाटते. फिओना नावाच्या बाईचं जंगल उभं करायला रोबो मागे थांबला, आणि जंगल पूर्ण झालेलं बघायला ती उरणार नव्हती. सही घ्यायला, फोटो काढायला तिथे कुणी नव्हतं.

आपल्या खऱ्या आयुष्यात न्यू गेम प्लस नाही, पण त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करायची वेळ रोज येते. तीच बस, तेच ऑफिस, घरातलं तेच आजारपण, तोच शनिवार. या सगळ्यात बक्षीस नाही, हे तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळून चुकतं. बरेच जण तिथे थांबतात. पण माणूस चांगला आहे की हिशेबी, हे तिथूनच पुढे कळायला लागतं. ती मैत्रीण एप्रिलपर्यंत जात होती. मार्चपासून मीही तिच्यासोबत जायला लागले. वही मात्र दोघींनीही नेली नाही.