नियम कोणी द्यायचा?

जिमी कार्टर वारले ते २०२४ च्या डिसेंबरअखेर, शंभरी गाठून. त्या दिवसांत टीव्हीवर त्यांचं एक जुनं भाषण दाखवत होते. अंगात साधा लोकरी स्वेटर, जवळ शेकोटी, आणि अमेरिकेचा अध्यक्ष लोकांना सांगतोय, घरातली ऊब दिवसा पासष्ट अंश आणि रात्री पंचावन्न अंशांवर ठेवा. त्यांचे अंश फॅरेनहाइटचे. आपल्या हिशेबानं दिवसा अठरा, रात्री तेरा. ही २ फेब्रुवारी १९७७ ची गोष्ट. शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्या हिवाळ्यात तिकडे गॅसचा तुटवडा होता, शाळा-कारखाने बंद ठेवावे लागत होते.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हा तर चक्क नियम देतोय!"

आमच्यात महाराजांपुढे जाऊन नियम घेतात. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण म्हणून एक आहे. एकदा वापरून संपतं ते अन्न, फूल हा भोग. पुन्हा पुन्हा वापरायचं ते कपडा, घर हा उपभोग. दोन्हींना आपली आपण मर्यादा घालायची. काही मुदतीसाठी घातली तर नियम, जन्मभरासाठी घातली तर यम. आणखी एक अनर्थदंड व्रत आहे. त्यात प्रमादचर्या हा दोष सांगितलाय: कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला की सासूबाई अजून हाच शब्द वापरतात. समंतभद्राचार्यांच्या काळी पंखा नव्हता, पण दोष तोच.

म्हणून कार्टर मला एकदम आपले वाटले. पुढे वाचत गेले तसं कळलं की मामला एवढा सरळ नाही. इराणमध्ये क्रांती झाली, तेल महागलं, १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २० जूनला कार्टरनी व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवायची सौर तावदानं बसवली, आणि पुढच्या पिढीला ही एखाद्या संग्रहालयातली वस्तू वाटेल की मोठ्या कामाची सुरुवात, असं काहीसं बोलून गेले. १५ जुलैला तर त्यांनी लोकांना उभं-आडवं घेतलं. आपण भोगाची पूजा करायला लागलोय, वस्तू गोळा करून जगण्याला अर्थ येत नाही, असा त्या भाषणाचा सूर होता. एखाद्या प्रवचनात शोभावा.

आपण समजतो लोक चिडले असतील. तसं झालं नाही. भाषणानंतर त्यांची लोकप्रियता अकरा टक्क्यांनी वाढली! म्हणजे लोकांना कान उपटलेले आवडले. मग दोनच दिवसांत त्यांनी सगळ्या मंत्र्यांकडून राजीनामे मागून घेतले, काहींना घालवलं, आणि या माणसाचं घरच ताळ्यावर नाही असं लोकांना वाटलं. ते वाढलेलं प्रेम ओसरलं. आमच्या दशलक्षणाचंही असंच असतं म्हणा. दहा दिवस बस्ती भरलेली; अकराव्या दिवशी कोण येतं?

१९८० च्या नोव्हेंबरात रोनाल्ड रेगन पन्नासपैकी चव्वेचाळीस राज्यं जिंकले. त्यांचं म्हणणं होतं की देशात तेल-कोळसा भरपूर आहे, अडचण सरकारची आहे. आणि मतदारांना त्यांनी विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुम्ही आज बरे आहात का? महागाई होती, तेहरानमध्ये ओलीस होते, तेव्हा एकट्या ऊर्जा धोरणानं कार्टर पडले असं म्हणणं खोटं होईल. शिवाय तेलाच्या किमतींवरचं नियंत्रण टप्प्याटप्प्यानं उठवायला त्यांनीच सुरुवात केली होती. रेगननी येऊन उरलेलं एकदम उठवलं. ती तावदानं मात्र १९८६ मध्ये छप्पर दुरुस्तीला उतरवली, ती पुन्हा चढली नाहीत.

पहिल्यांदा मला त्या मतदारांचा रागच आला. एवढं मोठं राष्ट्र, आणि एक स्वेटर घालवेना? पण मग वाटलं, नियम देणारा आणि घेणारा यांच्यात एक गोष्ट असावी लागते. महाराज नियम देतात तेव्हा त्यांच्या अंगावर वस्त्रही नसतं, हातात पिंछी-कमंडलू. त्यांना माझं मत नको असतं. आणि मी आपण होऊन पुढे जाते. कामावर जायला रोज पन्नास मैल गाडी हाकणाऱ्या माणसानं पेट्रोल कमी जाळायचं म्हणजे काय करायचं? उपवास आणि उपासमार यांत पोट दोन्हीकडे रिकामंच, पण एकात इच्छा असते. सरकारला हा फरक घराघरात जाऊन कसा कळणार?

तिकडे कशाला, आमच्या बेळगावातच बघा. २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसनं घरटी दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट देण्याची गॅरंटी दिली, निवडून आली, गृहज्योती सुरू झाली. दोनशेच्या वर गेलं की सगळं बिल भरायचं. आता आमच्याकडे महिनाअखेर जवळ आली की मुलगा मीटर बघून येतो आणि ओरडतो, "आई, गिझर बंद!" इतकी वर्षं मी जे सांगून थकले ते फुकटच्या लोभानं आपोआप झालं. परिमाण पाळलं गेलं, पण व्रत झालं का? मला तरी ते व्रत वाटत नाही. विस्तव मात्र कमी पेटला, त्यात जळणारे जीव वाचले. त्या जिवांना माझा हेतू विचारायचं कारण नाही. हेतू शुद्ध हवा असं शास्त्र सांगतं ते माझ्या कर्मबंधासाठी. मग राज्यकर्त्यानं माझा आत्मा सुधारायला यावं, की नुसता मीटर हलवावा? कार्टरनी पहिलं करायला घेतलं. ते चुकले असं म्हणवत नाही, आणि त्यांना पाडणारे पापी होते असंही म्हणवत नाही. २०१७ मध्ये त्यांनी प्लेन्स या आपल्या गावी स्वतःची जमीन सौर प्रकल्पाला दिली. अर्ध्याहून जास्त गावाची वीज तिथून निघते.

परवा जेवताना मी विचारलं, गॅस आणि वीज महाग करतो, कमी वापरा, असं उघड सांगणारा उमेदवार उभा राहिला तर कोण मत देईल? आमच्या घरात पाच मतं आहेत. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी देईन." त्यांनी चहा सोडूनसुद्धा दहा वर्षं झाली. मुलगा हसला. सून भाजी वाढत होती, ती काही बोलली नाही. आणि प्रश्न मीच काढला होता, तरी माझं मत कोणी विचारलं नाही याचं मला बरंच वाटलं.