अस्वस्थतेची नोंद

१८३० साली सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली त्याच डोंगरातून आगगाडी वर चढली, आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे ही शहरे एकमेकांच्या अंगणात आली. या तिन्ही वाटांनी लोणावळ्याला वैभव दिले आणि तिन्ही वाटांनी आपापल्या काळात माणसांच्या देहांतून त्याची किंमत वसूल केली. रेल्वेच्या बांधकामात हजारो मजूर पटकी, ताप आणि अपघात यांना बळी पडले. द्रुतगती मार्गावर एकट्या २०१६ साली १५१ माणसे दगावली. पुढे रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी संगनमताने नव्हे, तर खऱ्या सहकार्याने केलेल्या उपायांनी हा आकडा पुष्कळ खाली आला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

घाटात वाहन उलटले की आपल्या सर्वांचे लक्ष पहिल्या तासावर खिळते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किती वेळात आली, जखमीला पनवेल-कामोठ्याकडे उतरवले की तळेगाव-निगडी-पिंपरीकडे नेले, शस्त्रक्रियेचे टेबल मोकळे होते की नव्हते, याची चर्चा मावळात चहाच्या टपरीवरही चालते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीने तर या पहिल्या तासाला कायद्यात व्याख्येचे स्थान दिले. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्याचा पहिला तास सुखरूप पार पडला, ज्याची शस्त्रक्रिया झाली, ज्याला चार दिवसांनी अतिदक्षता विभागातून बाहेर काढले, त्या रुग्णाविषयी 'आता धोका टळला' असा निरोप गावाकडे जातो आणि तिथेच समाजाचे लक्ष संपते. माझे म्हणणे असे आहे की, जखमीच्या आयुष्यातील एक अत्यंत नाजूक काळ तिथेच सुरू होतो, आणि तो काळ आपण बहुतेक ठिकाणी सर्वांत नव्या परिचारिकेच्या हवाली केलेला असतो.

अतिदक्षता आणि साधा वॉर्ड यांच्या मधल्या या विभागाला रुग्णालयात स्टेपडाउन किंवा एचडीयू म्हणतात. तिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र निघालेले असते आणि एका परिचारिकेने एकाच खाटेपाशी उभे राहण्याची सोयही संपलेली असते. पण मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाच्या मज्जेतील चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत व मेंदूत अडकण्याचा धोका दुखापतीनंतरच्या दोन-तीन दिवसांतच मोठा असतो. प्लास्टरखालच्या पोटरीत दाब वाढून स्नायू गुदमरू लागले, तर इजेच्या मानाने फार मोठी वाटणारी वेदना हीच पहिली सूचना असते. आणि मार बसलेली प्लीहा कधी कधी काही दिवसांनीही फुटते. शिवाय तरुण शरीराची धीटाई मोठी फसवी असते. एकूण रक्तापैकी तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब पुष्कळदा टिकून राहतो. बोलतात त्या केवळ नाडी, श्वासाची गती आणि चेहऱ्यावरची एक अस्पष्ट बेचैनी. यांपैकी नाडी यंत्र सांगते. श्वास मात्र मिनिटभर छातीकडे पाहून मोजावे लागतात, आणि कामाच्या रेट्यात तेच सर्वप्रथम अंदाजाने लिहिले जातात.

अशा विभागात नुकतीच रुजू झालेली मुलगी रात्रपाळीला उभी असते. छातीतल्या नळीच्या बाटलीत पाणी श्वासाबरोबर हलते आहे की थबकले आहे, गळ्यातल्या नळीत कफ अडकला आहे का, मणक्याला इजा झालेल्याला कुशीवर वळवताना मान व पाठ एका रेषेत राहते आहे का, हे सारे ती शिकलेली असते. पण शिकलेले आणि समोरचे यांत जी तफावत असते, ती भरून काढायला तिच्याजवळ अजून अनुभव नसतो. रात्री अडीच वाजता तिने फोन करून म्हटले, "सर, सात नंबरचा पेशंट मला ठीक वाटत नाही," की पलीकडून पहिली पृच्छा होते, "बीपी किती आहे?" बीपी एकशे दहा असते. "मग काय झालंय?" या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते, कारण जे झाले आहे ते अजून आकड्यात उतरलेले नसते. ती ओशाळते, फोन ठेवते, आणि पुढच्या वेळी आकडा पडेपर्यंत थांबायचे असे मनाशी ठरवते. या थांबण्याला भित्रेपणा म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. हा शिरस्ता तिला त्या एका उत्तराने शिकवलेला असतो.

याच दुखण्यावर सिडनी शहरातील लिव्हरपूल रुग्णालयाने १९९० साली एक विलक्षण साधा उपाय योजला. ढासळणाऱ्या रुग्णापाशी तातडीने धावून जाणारे पथक त्यांनी उभारले, आणि ते केव्हा बोलवावे याच्या निकषांत नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबरच, रुग्णाविषयी गंभीर चिंता वाटणे हेही कारण पुरेसे मानले. परिचारिकेच्या अस्वस्थतेला असा दप्तरी दर्जा मिळाला, ही माझ्या मते आधुनिक शुश्रूषेच्या इतिहासातील एक मोठी घटना होय. तरीही पुढे ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत या पद्धतीची परीक्षा झाली, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. आणि पुष्कळ प्रसंगी निकष पुरे झाले असूनही पथकाला कोणी बोलावलेच नव्हते, हेही त्यातून उघड झाले. नियम भिंतीवर लागला, पण फोन उचलणारा हात तसाच अडखळत राहिला. म्हणून मला वाटते की, हुकूमनाम्यापेक्षा अधिक वजन त्या पहिल्या फोनला मिळालेल्या उत्तराला आहे. "आलोच," एवढे म्हणून जो डॉक्टर उठून येतो, तपासतो, आणि काही न सापडल्यास "बोलावलंत ते बरं केलंत" असे सांगून जातो, तो त्या एका रात्रीत पुढील कित्येक रुग्णांची तजवीज करून ठेवतो.

दुसरी गोष्ट सोबतीची. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीने १९८४ साली दाखवून दिले की, नवखी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते आणि मुरलेली परिचारिका संपूर्ण प्रसंग एका दृष्टीत ओळखते. हे ओळखणे पुस्तकातून येत नाही. जुनी सिस्टर खाटेपाशी थांबते, रुग्णाच्या पायाला हात लावते, "हा कालच्यापेक्षा गप्प आहे" असे म्हणते, आणि नवी ते ऐकते, तेव्हा येते. सर्व नव्या मुलींची एकत्र रात्रपाळी लावून हजेरीपट भरल्याचे समाधान मानणारी व्यवस्था ही विद्या मुळातच तोडते. त्यात खाटांचा भार आणखी वेगळा: लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या २००२ सालच्या अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे नोंदवले. आपल्याकडे हा एक रुग्ण किती सहजपणे वाढवला जातो!

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापले आणि तिथल्या स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी सॅसून रुग्णालयाची वाट मोकळी करून दिली, त्या काळी घरंदाज स्त्रीने परपुरुषाच्या जखमा धुवाव्यात की नाही, हाच वादाचा विषय होता. तो वाद त्या स्त्रियांनी आपल्या कामाने जिंकला. वॉर्डात प्रवेश मिळाला. परंतु वॉर्डात जे दिसते ते सांगण्याचा आणि सांगितलेले ऐकले जाण्याचा अधिकार मात्र शतकानंतरही पूर्णपणे पदरात पडलेला नाही.

तेव्हा घाटाच्या तोंडाशी अधिक सुसज्ज ट्रॉमा केंद्र हवे, हेलिपॅड हवे, अशी निवेदने मावळातील मंडळी देतात, त्यांत माझी विनंती आहे की आणखी तीन कलमे घालावीत: मधल्या विभागात रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा असतील, त्या पाळीला किमान एक अनुभवी सिस्टर असेल की नाही, आणि केवळ चिंता वाटते म्हणून केलेल्या फोनवर कोणत्या डॉक्टरने किती मिनिटांत खाटेपाशी यायचे. या तिन्हींची उत्तरे लेखी मागावीत, आणि ती त्या विभागाच्या दारावर नातेवाइकांना वाचता येतील अशी लावून घ्यावीत.